दिगंबरचं लहानपण

ज्या माणसाने धरण फोडून अख्खं शहर बुडवलं, त्याच्यासाठी त्या वर्षी लाखो लोक रडले. दिगंबरसाठी मात्र कोणी रडलं नाही. दिगंबरने तर आयुष्यात कोणावर हातही उगारला नव्हता.

दोघंही कल्पित. एकाच कंपनीच्या दोन श्राव्य मालिकांमधले खलनायक. धरण फोडणारा दुसऱ्या कुणा लेखकाचा होता, दिगंबर विभा गावंडेचा. वर्षभर ती दर आठवड्याला एक भाग लिहीत होती आणि चाळीस लाख लोक तो ऐकत होते. आता शेवटचे थोडेच भाग उरले होते. नाशिकच्या कार्यालयात केतकी सबनीस, मालिका विभागाची प्रमुख, तिला पडद्यावरची एक सपाट रेघ दाखवत होती.

"ही बघ. पहिल्या भागापासून आजपर्यंत. जागची हलत नाही."

ती रेघ सहकंपाची होती.

मालिका आता कोणी नुसत्या कानांनी ऐकत नसे. कानामागे बोटाच्या पेराएवढी कर्णिका बसवली की तिची एक पातळ पट्टी कपाळावर येई. कर्णिका आवाज ऐकवी आणि त्याच वेळी ती पट्टी क्षीण अवरक्त प्रकाश आत सोडी. परतणाऱ्या प्रकाशावरून मेंदूच्या पुढच्या भागात कुठे रक्त धावतंय ते कळे. नाडी, श्वास, त्वचेवरचा घाम यांचीही नोंद होई. दुसऱ्याच्या दुःखाची हकिगत ऐकताना आपल्या मेंदूतले काही भाग ते दुःख स्वतःचंच असल्यासारखे जागे होतात. त्या जागं होण्याला कंपनीतले शास्त्रज्ञ सहकंप म्हणत. एक तार छेडली की तिच्याच सुरात लावलेली शेजारची तार आपसूक थरथरते, तसं.

ही सगळी मोजमापं सूत्रधार नावाच्या यंत्रणेकडे जात. सूत्रधार लेखकाची गोष्ट घेई आणि प्रत्येक श्रोत्याला ती थोडी वेगळी सांगे. मालवणच्या माणसाला पात्रं मालवणीत बोलताना ऐकू येत, लातूरच्या माणसाला लातूरकडच्या बोलीत. कुठे कंटाळा दिसला की तिथला प्रसंग आखूड होई. गावं बदलत, नावं बदलत, कधी नातीसुद्धा. श्रोत्यांनी याला संमती दिलेली असे, पण ऐकण्याच्या भरात ते विसरून जात. आणि एका गोष्टीचे चाळीस लाख अवतार ऐकून पाहणं कुठल्याही लेखकाला शक्य नव्हतं.

"तो धरणवाला बघ," केतकी म्हणाली. "त्याची लहान बहीण पुरात गेली हे कळल्यावर रेघ कुठल्या कुठे गेली. लोकांनी ती मालिका संपल्यावर लगेच दुसरी लावली. दिगंबर ऐकून लोक कर्णिका काढून ठेवतात आणि उठून जातात. त्याला एक लहानपण दे, विभा. काहीतरी सोसलेलं. शेवटच्या दोन भागांत बसेल."

"त्याला लहानपण नाही."

"प्रत्येकाला असतं."

"असेल. पण मला ते माहीत नाही. मी जेवढं पाहिलंय तेवढंच लिहिलंय."

केतकीने पडदा बंद केला. ती वाईट बाई नव्हती. तिलाही वरती उत्तर द्यावं लागे. "पुढच्या आठवड्यात मला आराखडा दे," ती म्हणाली. "नाहीतर मी सूत्रधाराला सांगेन. तो देईल."

दिगंबर कसा होता? तो घरी आला की रेडिओ बंद व्हायचा. कोणी सांगायचं नाही, तो आपोआप बंद व्हायचा. बायकोने केलेली भाजी तो ताटाच्या कडेला सारून ठेवायचा आणि पाहुण्यांसमोर तिच्या हाताच्या चवीचं कौतुक करायचा. कबूल केलेल्या गोष्टीवर शांतपणे म्हणायचा, "मी असं कधी म्हणालो?" रागावला की आठवडे न आठवडे बोलायचा नाही, आणि आपण का रागावलो आहोत ते दुसऱ्याने ओळखावं अशी त्याची अपेक्षा असायची. त्याची मुलगी उमा आंतरशालेय गाण्याच्या स्पर्धेत पहिली येऊन ढाल घेऊन धावत घरी आली, तेव्हा दारातच त्याने विचारलं होतं, "कितीजणी होत्या?"

एवढंच. यात धरण फोडण्यासारखं काही नव्हतं.

केतकीच्या खोलीतून निघून विभा खालच्या मजल्यावर डॉ. नाझनीन मुजावर यांच्याकडे गेली. सहकंपाचं मोजमाप बसवणाऱ्या चमूत त्या सुरुवातीपासून होत्या. तारांची उपमा त्यांचीच. मूळच्या मिरजेच्या, आणि घरात तीन पिढ्या तंबोरे बनत आलेले.

"रेघ सपाट का आहे?" विभाने विचारलं.

नाझनीन यांनी पडद्यावर दुसरी एक रेघ आणली. ती सपाट नव्हती. दिगंबरचं नाव आलं की ती सरळ वर चढत होती.

"ही ओळखीची रेघ. एखादी गोष्ट जुन्या आठवणीला जाऊन भिडली की अशी उठते. धरणवाला माणूस आपल्यापासून लांब असतो. तो आपल्याला काही करू शकत नाही याची मेंदूला खात्री असते, त्यामुळे त्याची कीव करायला सवड मिळते. दिगंबर आला की आधी आठवण जागी होते आणि शरीर सावध होतं. या नाड्या बघ. गोष्ट ऐकणाऱ्या माणसांच्या नाहीत या. बाहेर चपला वाजल्या की गप्प होणाऱ्या माणसांच्या आहेत. सावध झालेल्या माणसाला कोणाची दया करता येत नाही, विभा. त्याला फक्त स्वतःला सांभाळता येतं."

"केतकी म्हणते त्याला लहानपण दे."

"सूत्रधाराने ते करून पाहिलंय, थोड्या श्रोत्यांवर. अनाथ केलं, उपाशी ठेवलं, मार खायला लावला. लोक उलट चिडले."

"का?"

"ती कारणं त्यांनी आधीच ऐकलेली असतात. घरातच. तुझ्या बाबांनी फार सोसलंय गं, समजून घे." नाझनीन यांनी पडद्यावरची रेघ मिटवली. "आणखी एक गंमत सांगू? स्वतःविषयी काही ऐकलं की कपाळाच्या मधोमध आत वेगळीच हालचाल होते. ती लपत नाही. दिगंबर ऐकताना ती आजवर एकाही श्रोत्यात दिसलेली नाही."

"चाळीस लाखांत एकही दिगंबर नाही?"

"असतील की. त्यांनाही दुसराच कोणीतरी आठवतो."

विभा खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग तिने जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारलं.

"माझ्या वडिलांकडे कर्णिका आहे. परतवाड्याला. मीच दिली होती, आई गेल्यानंतरच्या दिवाळीत. डोळ्यांमुळे त्यांना आता वाचता येत नाही. ते ऐकतात का, आणि ऐकतात तर..."

"दिगंबर त्यांच्यावरून घेतला आहेस?"

विभाने होकारार्थी मान हलवली.

"बघता येणार नाही," नाझनीन म्हणाल्या. "नियम आहेच. पण नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. जाऊन विचार."

विभाने ही मालिका सूड म्हणून लिहिली नव्हती. आई असताना घरात काही बोलायचं तर ते आईमार्फत जायचं. आई गेली आणि तो रस्ता बंद झाला. मग विभाने बाबांची वाक्यं एकेक करून दिगंबरच्या तोंडी घातली. कुठलं तरी वाक्य एक दिवस त्यांच्या कानाला लागेल, फोन येईल आणि ते म्हणतील, "हा मी आहे का गं?" पुढे ती काय बोलणार होती ते तिने ठरवलं नव्हतं. गुरुवारी भाग प्रसारित झाला की ती फोन जवळ ठेवायची. फोन रविवारीच यायचा. थंडी किती, गुडघा कसा आहे, चंद्रकलाबाई स्वयंपाकाला वेळेवर येतात की नाही, एवढंच असायचं.

परतवाड्याला ती पोचली तेव्हा संत्र्यांचा हंगाम होता. रस्त्याने पेट्या भरलेल्या गाड्या चालल्या होत्या आणि लांब मेळघाटचे डोंगर धुरकट दिसत होते. प्रभाकर गावंडे अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. वन खात्याच्या लाकूड डेपोत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली होती. अजूनही ते इस्त्रीचा शर्ट घालूनच बसत.

"आली का," ते म्हणाले. "जेवून घे. चंद्रकलाबाईंनी झाकून ठेवलं आहे."

जेवण झाल्यावर ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"किती लोक ऐकतात म्हणे तुझं ते?"

"चाळीस लाख."

"बरं." त्यांनी खुर्ची उन्हात सरकवली. "फुकट असते ना ते?"

विभाला हसू आलं. "फुकट नसतं, बाबा. तुम्ही ऐकता का?"

"ऐकतो ना. गुरुवारी."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला. "तो माणूस आला की मले ऐकवत नाही. पण काढतही नाही कर्णिका. बसून राहतो तसाच."

"कोण माणूस?"

"दिगंबर. दुसरं कोण."

विभाने खुर्चीचा हात घट्ट धरला. "कोणासारखा वाटतो तो तुम्हाला?"

ते डोंगराकडे पाहत राहिले.

"आबाजी," ते म्हणाले.

आबाजी म्हणजे बाबांचे वडील. विभा दुसरीत असताना गेले. तिला आठवत होते ते खांद्यावर बसवून बाजारात नेणारे, तिला राणी म्हणणारे आबाजी. त्यांच्याइतका मऊ माणूस तिने पाहिला नव्हता.

"आबाजी? आपले?"

"हुबेहूब. आवाजसुद्धा तसाच. मी स्कॉलरशिपमध्ये आलो होतो सातवीत. शाळेतून पळतच दुकानात गेलो सांगायला. ते पेपर वाचत होते. म्हणाले, किती पोरं बसले होते? बस, एवढंच. पुन्हा पेपर वाचू लागले." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तू तेच लिहिलं. तो पोरगा बक्षीस घेऊन घरी येते अन् दिगंबर म्हणते, किती पोरं होते. हे मी फक्त तुझ्या आईले सांगितलं होतं. तिनंच सांगितलं असन तुले."

"कोणता पोरगा, बाबा?"

"उमेश. दिगंबरचा पोरगा. तूच तर लिहिला."

विभाला हळूहळू उमगलं. उमाचे प्रसंग आले की या श्रोत्याचं लक्ष उडतं, हे सूत्रधाराने टिपलं असणार. मग त्याने मुलीचा मुलगा करून पाहिला असेल. त्याबरोबर श्रोता सरळ होऊन बसला असेल, नाडी वाढली असेल, ओळखीची रेघ वर गेली असेल. यंत्राला तेवढं पुरे होतं. त्याने उमाला गोष्टीतून काढून टाकलं, दिगंबरला वऱ्हाडी बोली दिली, आवाज म्हाताऱ्याचा केला. बाबांनी वर्षभर एका बापाची आणि त्याच्या मुलाची गोष्ट ऐकली होती.

ते वाक्य मात्र आबाजींचं आहे हे तिला खरोखर माहीत नव्हतं. तिने ते बाबांच्या तोंडून ऐकलं होतं, याच घराच्या दारात. तेव्हा ती आठवीत होती.

"विभा," बाबा म्हणाले, "मी बोललो नाही तुले. मले बोलता येत नाही, तुले माहीत आहे. पण माझं हे कोणी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. मले वाटे, या पोरीचं काय लक्ष आहे आपल्याकडं. तू तर सगळं ओळखलं." त्यांनी हात पुढे केला, तिच्या मनगटावर क्षणभर ठेवला. "चांगलं लिहितेस तू."

असं वाक्य त्यांच्याकडून ऐकण्यासाठी तिने आजवर काय काय केलं होतं. तिने ते घेतलं.

दुसरा दिवस फार चांगला गेला. बाबा सकाळपासून बोलत होते. चंद्रकलाबाईंना त्यांनी सांगितलं, शेजारच्या खोडस्करांना कुंपणापाशी बोलावून सांगितलं, "हिनं माझ्यावर लिहिलं आहे सगळं. माझ्या लहानपणावर." खोडस्कर म्हणाले, "लेक शेवटी लेकच असते." विभा हसून उभी राहिली. तिला कळत होतं, आपण असंच परत जाऊ शकतो. कोणाचं काही बिघडणार नाही. म्हाताऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं की आपल्याला कोणीतरी समजून घेतलं.

पण दिवसभर ते कौतुक तिच्या अंगाला लागत नव्हतं. ते ज्या मुलीचं कौतुक करत होते ती उमेशची गोष्ट लिहिणारी कोणी दुसरीच होती. विभा तिच्या शेजारी उभी राहून नुसती पाहत होती, लहानपणी पाहुण्यांच्या मुलांशी बाबा हसून बोलायचे तेव्हा उभी राहायची तशी.

संध्याकाळी चहा पिताना ती म्हणाली, "बाबा, मी उमेश लिहिला नाही."

"म्हणजे?"

"ते यंत्र गोष्ट बदलून सांगतं, ऐकणाऱ्याप्रमाणे. मी लिहिलं त्यात मुलगी आहे. उमा."

"यंत्रानं पोरगा केला तिचा?"

"हो."

"काहून?"

याचं उत्तर तिला गिळता आलं असतं. "मुलीचा भाग आला की तुमचं लक्ष राहत नव्हतं म्हणून."

बाबांनी कप खाली ठेवला. "अन् ते वाक्य? किती पोरं होते?"

"माझ्या लिखाणात, कितीजणी होत्या, असं आहे." तिने श्वास घेतला. "आईने मला काहीच सांगितलं नव्हतं, बाबा. आबाजींचं मला काल तुमच्याकडूनच कळलं."

मग हे वाक्य तुले कुठून मिळालं, असं त्यांनी विचारलं नाही. ते उठले आणि आत गेले. चहा तसाच राहिला.

रात्रीचं जेवण त्यांनी खोलीतच मागवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, शर्ट घालून ते बाहेर आले, बसले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. ही शांतता विभाच्या ओळखीची होती. ती घरात चालताना पाय न वाजवता चालू लागली, आणि ते लक्षात आल्यावर तिचा तिलाच राग आला. आपण दोन दिवसांपूर्वी जे मिळालं होतं तेही घालवलं, एवढंच तिच्या मनात होतं. दुपारच्या गाडीने निघावं म्हणून तिने बॅग भरली.

बॅग घेऊन ती बाहेर आली तर अंगणात दोन खुर्च्या होत्या, समोरासमोर.

"तू लिहिलं ते आहे का तुझ्याजवळ?" बाबांनी विचारलं. "यंत्राच्या आधीचं."

"आहे."

"वाच."

"कर्णिकेवर मूळ संहिता लावून देता येते. मी लावून देते."

"ते नको. तू वाच."

विभाने बॅग भिंतीशी ठेवली आणि वाचायला बसली. त्या दुपारी सुरू झालेलं वाचन बरेच दिवस चाललं. तिने हे सगळं लिहिलं होतं, पण मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. नटांच्या आवाजात ऐकताना जे सोपं वाटलं होतं ते स्वतःच्या तोंडातून निघेना. काही वाक्यांपाशी ती आवाज खाली घेई, शब्द भरभर उरकून टाकी. यंत्र जे करत होतं तेच आपण करतोय हे तिला जाणवे.

"मोठ्यानं वाच," बाबा म्हणत.

रेडिओ बंद होण्याचा प्रसंग झाला. भाजी ताटाच्या कडेला गेली. "मी असं कधी म्हणालो?" हे वाक्य तिसऱ्यांदा आलं तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले. मग उमा ढाल घेऊन धावत आली. विभाने न थांबता वाचलं. "कितीजणी होत्या?"

बाबांनी हात वर केला.

ती थांबली. ते उठून आत गेले. आतून काहीच आवाज आला नाही. ऊन कुंपणावरून खाली उतरलं, तरी ती पडद्यावरच्या त्याच ओळीवर बोट ठेवून बसून राहिली. मग ते परत आले. तोंड धुतलेलं होतं, शर्टाची कॉलर ओली होती. खुर्चीवर नीट बसले.

"हं," ते म्हणाले. "पुढं."

शेवटचा लिहून झालेला भाग संपला त्या दिवशी चंद्रकलाबाई लवकर निघून गेल्या होत्या. घरात दोघंच होती.

"अन् याच्या पुढं?"

"अजून लिहायचंय. कंपनी म्हणते, दिगंबरचं लहानपण दाखवा. तो असा का झाला ते. मी म्हणत होते, मला माहीत नाही." विभाने पडदा बंद केला. "आता मला माहीत आहे. स्कॉलरशिपचं, आबाजींचं. ते घातलं तर लोकांना तो समजेल. तुम्ही म्हणाल तर घालते."

तिने ते मनापासून विचारलं होतं. त्यांनी हो म्हटलं असतं तर तिने घातलं असतं.

बाबा बोटांनी खुर्चीच्या हातावरचा निघालेला रंग खरवडत होते.

"नको घालू," ते म्हणाले.

"का?"

"ती पोरगी ढाल घेऊन दारात उभी आहे. तिनं काय करावं त्याच्या लहानपणाचं?"

विभाने बंद पडदा मांडीवरून खाली ठेवला.

"त्याचं त्याच्याजवळ राहू दे," बाबा म्हणाले. "तिले कशाले द्यायचं."

शेवटच्या भागांत दिगंबरला लहानपण मिळालं नाही. विभाने केतकीला तसं कळवलं, आणि करारातल्या कलमाचा आधार घेऊन ते दोन भाग सूत्रधाराला न देता, जसे लिहिले तसेच प्रसारित करायला लावले. सहकंपाची रेघ शेवटपर्यंत सपाट राहिली. पुढची मालिका तिला मिळाली नाही. बऱ्याच बायकांनी आणि काही पुरुषांनी तिला लिहून विचारलं, की आमच्या घरातला माणूस तुम्हाला कुठे भेटला होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी ती बाबांसमोर बसली होती आणि ज्या गाडीने ती जाणार होती ती कित्येक दिवसांपूर्वीच निघून गेली होती.

"मालिकेत नाही घालणार," ती म्हणाली. "पण मला सांगा."

"काय?"

"तुमचं. लहानपणीचं."

"सांगितलं ना स्कॉलरशिपचं."

"त्याच्या आधीचं."

"काहून?"

"मला ऐकायचंय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांना आता चेहरा नीट दिसत नसे, नुसता आकार कळे. तरी ते पाहत राहिले.

"आपलं कापडाचं दुकान होतं बाजारात, तुले माहीत आहे," ते म्हणाले. "आबाजी रागावले की माझं नाव घेत नसत. याले सांगा, त्याले सांगा, असं. एकदा पूर्ण उन्हाळा असा गेला. मी तेव्हा तिसरीत असन. काय चुकलं होतं ते मले अजून माहीत नाही. मी मग दुकानात जाऊन गल्ल्याच्या खाली बसे. तिथं कापडाचे तुकडे पडत, मऊ असे. कोणाले दिसत नसे मी. वरतं आबाजी गिऱ्हाइकांशी बोलत. फार गोड बोलत ते गिऱ्हाइकांशी. या बसा, पाणी घ्या, पोरं कशी आहेत तुमची. हसत. मी खाली बसून ऐकत राहे. घरी तो आवाज मिळत नसे ना. दुकान बंद व्हायच्या आधी हळूच निघून येई."

ते थांबले. कापडाच्या तुकड्यांचा रंग आठवत असावेत, किंवा आवाज.

"मग?" विभाने विचारलं.

"मग काय. रोज जाऊन बसे."

ते पुढे सांगत राहिले. आबाजींच्या सायकलीचं, आजीच्या दुखण्याचं, शाळेत मिळालेल्या पहिल्या पेनाचं. एकातून दुसरं निघत गेलं. विभा ज्या वाक्यासाठी वर्षभर फोनपाशी बसली होती ते "हा मी आहे का गं?" त्यात नव्हतं. ते त्या संध्याकाळी आलं नाही आणि पुढेही कधी आलं नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग वाट पाहणं तसंच ठेवून ती नुसती ऐकू लागली. गल्ल्याखाली तुकड्यांवर बसलेला तिसरीतला मुलगा तिला अगदी स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्यासाठी तिचे डोळे भरून आले. समोर बसलेल्या म्हाताऱ्यासाठी आले का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. त्यांचा आवाज बारीक झाला होता आणि तिला एकही शब्द सुटायला नको होता.